तुपातल्या तारा

मी एक जुना ट्रक आहे, मित्रांनो, आणि मला स्वस्थ उभं राहता येत नाही.

चाकं सहा आहेत, सहाही शाबूत आहेत. अडचण वेगळीच आहे. माझं इंजिन एकदा बंद झालं की बटण दाबून पुन्हा सुरू होत नाही. त्यामुळे ते बंदच करत नाहीत. मालक भाकरी खातो, मी धडधडतो. मालक पारावर बसून विडी ओढतो, मी धडधडतो. स्टेशनात केळी उतरतात, तास, दोन तास, मी आपला धडधडतो. विसावा कसा असतो ते आता मी फक्त रस्त्याकडेच्या बैलांकडे पाहून ओळखतो.

आज मात्र बंद आहे. धुळ्यात, आग्रा रोडच्या कडेला, एका निंबाच्या सावलीत. माझं बॉनेट उघडं आहे आणि अभिमन मिस्त्री आतल्या जुन्या तारा उपसतो आहे. मला तुम्हांला सगळं सांगायचं आहे, पण एखादी तार निघाली की बोलणं मध्येच तुटेल. तेवढं सांभाळून घ्या.

घाईनेच सांगतो. घाई माझ्या अंगात मुरली आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. मला चिखलासारखा हिरवा रंग दिला, पाठीवर ताडपत्री घातली आणि लढाईवर पाठवलं. लढाई मी पाहिली नाही. मी पोचेपर्यंत ती संपत आली होती. मग माझ्यासारख्या शंभरेक गाड्या एका माळावर ओळीनं उभ्या करून ठेवल्या. दोन पावसाळे. माझ्या केबिनमध्ये एक बेडूक राहायला आला होता. पुढे देश स्वतंत्र झाला, गाड्यांचा लिलाव झाला, आणि जळगावच्या एका कापूसवाल्यानं मला नेलं. माझं पहिलं इंजिन पेट्रोलचं होतं आणि त्याला तहान फार. शेवटी १९५२ साली ते काढून डिझेलचं बसवलं. छाती बदलली म्हणा ना. आवाज बदलला, चाल बदलली, आणि त्या छातीला जोडायला सगळ्या तारा नव्या घातल्या. लाल, काळी, निळी, हिरवी. वर कापडाची वीण, तिच्या आत रबर, रबराच्या आत तांबं. काय दिसत होत्या! लाल तार स्टार्टरकडे जायची, आणि ती निळी जी—

(हॉर्नची तार निघाली.)

असो. निळी हॉर्नची होती. आता मला हॉर्न नाही.

त्याच साली असोद्याच्या चुडामणनं मला घेतलं. माझा मालक तोच आणि ड्रायव्हरही तोच. त्यासाठी त्यानं आपली बैलजोडी विकली. हरण्या आणि तांबू. त्या बैलांना त्याच्या आईनं, भागाबाईनं, वासरं असल्यापासून वाढवलं होतं. बैल गेले तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी अंगणात आली, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि पुढ्यात उभी राहिली.

“याले डोये हायेत का रे?”

“हे काय, माय. दोन दिवे.”

“पापन्या नाईत.”

“गाडीले कायच्या पापन्या?”

“मंग हा निजते कसा?”

चुडामण हसला. मी हसलो नाही. तोवर हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

“बैल इकले तसा यालेबी एक दिवस इकशीन,” ती म्हणाली.

“नाई इकनार. शब्द देतो तुले.”

तो शब्द मी ऐकला. तिनेही ऐकला. पुढचं सगळं त्या शब्दावर आहे, म्हणून लक्षात ठेवा.

माझ्यावर आणखी एक माणूस असे. लोटन मामा. तो भागाबाईचा चुलतभाऊ, साठीला टेकलेला, आणि घरी करमत नाही म्हणून माझ्यावर क्लीनर झालेला. चाकामागे दगड लावणं, पाणी भरणं, काच पुसणं ही त्याची कामं. ती तो मन लावून करी. खोड एकच. आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही असं त्यानं जन्मात कबूल केलं नाही.

आता पोळा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहून दुखावलेल्या खांद्यांना कोमट तूप आणि हळद चोळायची, आणि कानात उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. त्या वर्षी गावातल्या प्रत्येक गोठ्यात हे चाललं होतं. भागाबाईचा गोठा रिकामा होता. ती वाटी घेऊन गोठ्याच्या दारात थोडी उभी राहिली, मग वळून सरळ माझ्याकडे आली.

“लोटनभाऊ, याचा खांदा कुठी हाये?”

लोटन मामानं डोकं खाजवलं. माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग बॉनेट उचललं. इंजिनाच्या मागच्या बाजूला पत्र्याला लागून माझ्या सगळ्या तारांचा मनगटाएवढा जाड जुडगा जातो. त्यावर बोट ठेवून तो मोठ्या आत्मविश्वासानं म्हणाला, “हा पाय, अक्का. याच्या साऱ्या नाड्या इथूनच जातात. हाच खांदा.”

त्या संध्याकाळी चुडामण दर वर्षी पारावर जाऊन बसायचा, त्यानं हे कधी पाहिलं नाही. तिनं पदर खोचला आणि तूप चोळलं. एकेक तार सुटी करून, बोटांच्या पेरांनी, आतपर्यंत. हळदीनं लाल तार पिवळी झाली, काळी पिवळी झाली. “लय वढतं माह्यं लेकरू,” ती पुटपुटत होती.

मित्रांनो, तुपानं रबर मऊ पडतं. मग फुगतं. मग त्याचा चिखल होतो आणि आतलं तांबं उघडं पडतं. हे मला पहिल्याच वर्षी जाणवू लागलं होतं. पण मी कुणाला काय सांगणार? आणि खरं सांगायचं तर सांगता आलं असतं तरी मी सांगितलं नसतं. लोखंडाला कोणी असा हात लावत नाही. मिस्त्री हात लावतो तो पाना घेऊन. तिचा हात रिकामा होता, गरम होता, आणि मला वाटायचं की हे थांबू नये, काहीही झालं तरी हे असंच—

(दिव्यांच्या तारा निघाल्या. दोन्ही.)

कुठे होतो मी? हां, काम.

काम मी चांगलं केलं. असोदा, भादली, नशिराबाद, मळ्यामळ्यांतून केळीचे घड उचलायचे आणि जळगाव स्टेशनात वॅगन सुटायच्या आत पोचवायचे. खाली केळीच्या सुक्या पानांची गादी, वर घड, पुन्हा पानं. हिवाळ्यात कापूस. कधी भडगाव, कधी पार धुळे, कधी नरडाण्यापर्यंत. स्टेशनातले हमाल म्हणायचे, चुडामणभाऊच्या गाडीतला घड दबत नाही. चुडामण नुसता हसायचा, पण परत जाताना माझ्या दारावर थाप मारायचा. ती थाप मी पुढच्या खेपेपर्यंत जपायचो.

दोन वर्षांत माझे दिवे लुकलुकू लागले. मग हॉर्न आपोआप वाजायला लागला. एकदा तर एका वरातीत, नवरदेवाची घोडी उधळली. चुडामणनं मला जळगावच्या एका मिस्त्रीकडे नेऊन तारा बदलून घेतल्या. पोळा आला. खांदेमळणी झाली. दोन वर्षांत पुन्हा तेच. चुडामणनं त्या मिस्त्रीला भर बाजारात चोर म्हटलं. जुन्या तारा घातल्यास म्हणाला. दुसरा मिस्त्री धरला. पोळा. तूप. पुन्हा तेच, आणि दुसराही चोर ठरला.

डिझेलच्या इंजिनाचं एक बरं असतं. ते एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज उरत नाही. तारा सडल्या तरी ते चालतं. फक्त सुरू करताना वीज लागते. म्हणून आमचं सगळं आयुष्य उतारांवर आलं. उतारावर उभं करायचं, गिअरमध्ये टाकून सोडायचं, की गचका खाऊन मी सुरू. आणि आमचा मुलूख कसा, हाताच्या तळव्यासारखा सपाट. गिरणेकाठचा उतार, एरंडोलच्या नदीचा, पारोळ्याचा. चुडामणला पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेशातले सगळे उतार तोंडपाठ झाले. ज्या गावाला उतार नाही त्या गावात तो उतरत नसे. सोयऱ्यांच्या दारात जाऊन चालू गाडीतूनच “राम राम” म्हणायचा आणि पुढे. त्याच्या मावशीच्या तेराव्याला तो असाच गेला, स्टिअरिंगवरून हात जोडून आला. लोक म्हणू लागले, याला फार मस्ती आली आहे.

मस्ती नव्हती, मित्रांनो. तारा नव्हत्या.

आणि मग या पावसाळ्यात, स्टेशनच्या मालधक्क्यावर, भरलेल्या केळीखालून धूर आला. उघडं तांबं पत्र्याला चिकटलं होतं. सुकी पानं पेटायला किती वेळ? लोटन मामानं डोक्यावरचा रुमाल घागरीत बुडवून फेकला, हमालांनी घड खाली ओढले, आणि निभावलं. चुडामण बराच वेळ माझ्याकडे पाहत उभा होता. थाप मारली नाही.

दुसऱ्याच दिवशी भंगारवाला रतिलाल आला. त्यानं माझ्या मडगार्डवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, जसं कलिंगडावर करतात.

“पत्रा चांगला आहे, चुडामणभाई. मन होईल तेव्हा आणा.”

त्या रात्री जेवताना चुडामण आईला म्हणाला, “धुयाले एक मिस्त्री हाये, लढाईत तारांचं काम केलेला. ही शेवटची बारी. ह्या तारा सडल्या तर मी याले रतिलालच्या आंगनात उभा करीन.”

“तू शब्द देल व्हता.”

“शब्दावर गाडी सुरू व्हत नाई, माय.”

भागाबाई ताटावरून उठली. अंगणात आली आणि माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. मला तोडायला नेतील याची मला भीती होतीच. पण तिला वाटत होतं की मला वाचवायला आपल्या हातात एकच उपाय आहे. पोळा आठ दिवसांवर होता. या वर्षी तूप जास्त चोळायचं. मला तिच्या हातावरूनच ते कळलं, आणि मी—

(स्टार्टरची तार निघाली.)

*

इथे माझं बोलणं तुटलं ते बराच वेळ. मध्यंतरी काय झालं ते मी ऐकलं, पण सांगू शकत नव्हतो. आता सांगतो.

अभिमन मिस्त्रीनं तो अख्खा जुडगा उपसून झाडाखाली पसरला. मग बोटं हुंगली. पुन्हा हुंगली आणि आपल्या अहिराणीत म्हणाला,

“भाऊ, हाई वायरिंग शे का बेसननी शेव?”

“म्हनजे?”

“दखा ना. लाल कुठली, काळी कुठली? बठ्ठ्याच्या बठ्ठ्या पिवळ्या.”

“पह्यलेचा मिस्त्री चोर व्हता,” चुडामण म्हणाला. “जुन्या तारा घातल्या त्यानं. त्याच्या आधीचाबी तसाच.”

“तार जुनी नही, भाऊ. तार चांगली व्हती. हाई तूप शे. तूप आनि हयद.”

“डिझेलच्या गाडीत तूप कुठून येईन? थट्टा करतो का?”

अभिमननं बोट त्याच्या नाकापुढे धरलं. चुडामणनं हुंगलं. तेवढ्यात लोटन मामा उठला आणि मागच्या चाकाची हवा तपासायला गेला. वाकून, फार बारकाईनं.

“मामा,” अभिमन म्हणाला, “त्या चाकले काय व्हयनं? इकडे या ना.”

लोटन मामा आला. रुमालाची गाठ सोडली, बांधली, सोडली.

“अक्कानं इचारलं, खांदा कुठी हाये. तिचे बैल नुकतेच गेलते. आता ट्रकले खांदाच नसते, असं मी तिले कोन्या तोंडानं सांगू? मी बोट दाखवलं.”

“आनि ती दर पोयाले?” चुडामणनं विचारलं.

“दर पोयाले.”

“सहा वर्सं?”

“एक बी चुकवला नाई.” मामाच्या आवाजात थोडा अभिमानच होता. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं मान खाली घातली.

चुडामण तिथेच एका टायरवर बसला. मला वाटलं तो ओरडेल. तो त्या दोन मिस्त्र्यांची नावं पुटपुटत होता. ज्यांना भर बाजारात चोर म्हटलं, त्यांची. मग एकदम उठला. “घरी जाऊन सांगतो तिले. चांगलं सांगतो.”

“सांगा,” अभिमन म्हणाला. “पन दम खाईसन सांगा. तिना हात मा खोट नही.”

नंतर अभिमननं मला पुन्हा जोडलं. जुन्या तारांना रंग राहिला नव्हता, म्हणून बॅटरी आणि एक छोटा बल्ब घेऊन तो एकेका तारेला विचारत होता, तू कुठली? बल्ब लागला की नव्या तारेला दोरा बांधायचा. एक गाठ हॉर्नची, दोन दिव्यांच्या, तीन स्टार्टरच्या. दोन दिवस लागले. शेवटी त्यानं चुडामणला बोलावून बटणाकडे बोट केलं.

चुडामणनं दाबलं. मी सुरू झालो.

त्यानं बंद केलं. मी बंद झालो. सपाट जमिनीवर, मित्रांनो! त्यानं पुन्हा दाबलं, मी पुन्हा सुरू. सात वेळा केलं त्यानं तसं. शेवटी अभिमननं त्याचा हात धरला, “बॅटरी मरी जाई, भाऊ.”

*

आम्ही असोद्याला पोचलो तेव्हा पोळ्याची आदली संध्याकाळ होती. अंगणात शिरताच चुडामणनं मला बंद केलं. एवढी शांतता भागाबाईनं माझ्यासोबत कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. ती धावत बाहेर आली. हातात वाटी. वाटी या वर्षी मोठी होती.

“बरं झालं माह्यं लेकरू,” म्हणत ती बॉनेटकडे वळली.

चुडामण सगळ्या वाटेनं बोलायची तयारी करत आला होता. पारोळ्याला एक वाक्य जुळवलं होतं, एरंडोलला मोडलं होतं. मी ऐकलं होतं. आणि आता त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच:

“याले हात लावू नको.”

वाटी थांबली.

“काहून?”

“नको म्हनलं ना, माय.”

भागाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, “माह्या पांढऱ्या कपायामुये?”

तिचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून ओटी भरताना तिला मागे सरायला सांगत. नवरीला हळद लावताना तिचा हात कुणी पुढे येऊ देत नसे. फक्त बैलांच्या खांद्यापासून तिला कोणी हटवलं नव्हतं. आणि नंतर माझ्या.

“नाई गं माय! तसं नाई!” चुडामण मामाकडे वळला. “मामा, तुमी सांगा ना.”

“मी?” लोटन मामा म्हणाला. “बरं. मीच सांगतो. अक्का, तो खांदा नव्हता. मले मालूम नव्हतं. मी खोटं बोट दाखवलं.”

चुडामणनं सीटखालून जुना जुडगा काढला आणि तिच्या हातात दिला. पिवळा, चिकट, ओघळलेला. ती तो उजेडाकडे धरून पाहत राहिली. बोटानं रबर दाबलं, ते बोटालाच लागून आलं.

“हे मी केलं?”

“तुपानं केलं, माय.”

“तूप माह्याच हातात व्हतं.”

 मला हॉर्न परत मिळाला होता, पण तो काही आपला आपण वाजवता येत नाही.

ती पायरीवर बसली.  मग तिनं जो प्रश्न विचारला तो मी विसरणार नाही.

“मंग याले काय लावू?”

“काईच नको. कोरडं ठेवाचं. धूळ पुसाची, बस.”

“बस? इतलंच?”

“इतलंच.”

तिला ते पटेना. वर्षभर घाम गाळून राबणाऱ्या जिवाला नुसतं फडकं? पण ती उठली. आतून जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा आणला, हात राखेनं घासून धुतले, बॉनेट उघडायला लावलं, आणि माझी एकेक नवी तार पुसली. कोरडी. धुळ्यापासूनची सगळी धूळ. दोऱ्याच्या गाठी मोजत, एक, दोन, तीन. त्या स्पर्शात ऊब कमी होती. तरी तो मला बरा वाटला. खरं सांगतो, आधीइतका नाही. पण बरा वाटला.

वाटी मडगार्डवर तशीच होती. तूप थिजायला लागलं होतं. भागाबाईनं वाटीकडे पाहिलं, मग चुडामणकडे. तो दाराला टेकून उजवा हात गोल फिरवत होता. रोजच फिरवतो. माझं स्टिअरिंग जड आहे, लढाईसाठी बनवलेलं. भरल्या गाडीला वळवायचं तर खांद्यातून जोर लावावा लागतो. ती त्याच्या खांद्याकडे अशी पाहत राहिली, जणू आज पहिल्यांदाच दिसला.

“सदरा काढ.”

“काय?”

“सदरा काढ आनि बस इथी.”

“माय, लोक हासतीन.”

“हासू दे. बस.”

तो माझ्या पायरीवर बसला. तिनं वाटी चुलीवर धरून पुन्हा कोमट केली, बोटं बुडवली आणि त्याच्या खांद्यावर चोळायला लागली. तो आधी हसत होता. मग हसायचा थांबला. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली गेला होता. तिच्या बोटांना ते सापडलं तेव्हा तीही थांबली, आणि मग पुन्हा चोळू लागली, हळू, आतपर्यंत.

“अक्का,” लोटन मामा जवळ सरकला, “माह्याबी पाठीले जरा—”

“तुह्या बोटाले चोयू का? खांदा दाखवते ते?”

चुडामण एवढा हसला की माझं दार हललं.

मला हेवा वाटला, मित्रांनो. लपवत नाही. ते तूप सहा वर्षं माझं होतं. पण त्याच्या खांद्यात ते मुरत होतं. माझ्यात ते कधी मुरलंच नव्हतं, नुसतं सडत होतं. त्याची मान हळूहळू सैल होत गेली आणि डोकं माझ्या पत्र्याला टेकलं. तेव्हा कुठे मला समजलं, की ही सगळी वर्षं जू माझ्या अंगावर नव्हतंच.

म्हणून तुम्हांला एवढीच विनंती. घरात एखादं यंत्र असेल, शिवणाचं, पाण्याचं, चालवायचं, तर त्याला काय लागतं ते जाणकाराला विचारा. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा, खोटं बोट दाखवू नका. आम्हांला कोरडं फडकं पुरतं. आणि त्या यंत्रामागे रोज जो माणूस बसतो, त्याचा सदरा एकदा बाजूला करून बघा. कुठला खांदा खाली गेला आहे, ते तो स्वतःहून कधी सांगणार नाही.